झोक्याची फांदी

पानगळ म्हटलं की शाळेच्या पुस्तकात धुकं, थंडी, गारठलेली पाखरं असलं काहीतरी असायचं. मी नोकरीभर मुलांना तेच शिकवत आले आणि मुलंही बिचारी परीक्षेत तेच लिहीत आली. आमच्या जळगावात मात्र पानगळ येते ती होळीच्या आगेमागे, ऊन तापायला लागल्यावर, आणि येते तीही वारा सोबत घेऊन. दुपार झाली की पिंप्राळ्याच्या रस्त्यावरून धूळ उठते, दारं आपटतात, गच्चीवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन पडतात. मग बायका वाऱ्याला सोडून समोरच्या निंबाला शिव्या घालतात, कारण निंबाची पिवळी पानं ओल्या बिबड्यांना चिकटतात आणि एकेक वेचून काढताना बोटं दुखतात. वाऱ्याचं घर कुणाला माहीत नाही, झाडाचं माहीत आहे, म्हणून बोलणी झाडाला.

यंदा हा सगळा तमाशा मला बसून बघावा लागला. माघात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला गॅलरीतल्या खुर्चीत नेऊन बसवलं. बसून राहणं माझ्या स्वभावात नाही. वर्गातसुद्धा मी कधी खुर्चीला पाठ टेकली नव्हती. पेपर वाचून व्हायचा, मोबाइलचा मला कंटाळा, घरातल्या प्रत्येकावर दिवसातून एकदा ओरडून व्हायचं. मग उरायचं ते समोरचं झाड, आणि झाडाखाली मान वर करून उभे असलेले समोरच्या घरातले प्रेमराज आबा.

आबा रोज सकाळी चहा झाला की फाटकाबाहेर यायचे. धोतर नाही, पायजमा आणि खाकी शर्ट. एसटीतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण शर्टाचा रंग त्यांनी बदलला नाही. निंबाला हात टेकून वर बघायचे. सगळं झाड नाही बघायचे, एकच फांदी बघायचे. रस्त्याच्या बाजूला आडवी गेलेली, माणसाच्या मांडीएवढी जाड फांदी. त्या फांदीवर निळा नायलॉनचा दोर गुंडाळलेला होता. आबांच्या बायकोच्या, रत्नाअक्काच्या, शेवटच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका त्याच दोराचा होता, आणि ती गेल्यापासून इतकी वर्षं आबांनी तो दोर काढलाच नव्हता.

हे झाड रस्त्यावर असलं तरी नगरपालिकेनं लावलेलं नाही. ते आबांनी बसमधून आणलं. ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण नवीन फ्लॅटवाल्यांना नाही, म्हणून सांगते.

आबा जळगाव-धुळे गाडीवर ड्रायव्हर होते. रत्नाअक्का धुळ्याकडची, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका खेड्यातली. लग्न होऊन ती पिंप्राळ्यात आली आणि थोड्याच दिवसांत तिचे आईवडील एकामागून एक गेले. भाऊ नव्हता. काकानं घर विकलं. आखाजीला खान्देशातली सासुरवाशीण माहेरी जाते, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसते, मैत्रिणींबरोबर गाणी म्हणते, सांजोऱ्या खाते. घरी न्यायला भाऊ येतो, मुराळी म्हणून. अक्काला न्यायला कुणी येणार नव्हतं आणि आलं असतं तरी नेणार कुठे? ती त्या दिवशी घरातली भांडी घासत बसायची. स्वच्छ असलेलीसुद्धा.

आणि आबा त्या दिवसांत काय करत होते? गावोगावच्या पोरी त्यांच्या माहेरी पोचवत होते. आखाजीच्या आधी गाडीला पाय ठेवायला जागा नसायची. पिशव्या, ट्रंका, कडेवर पोरं, हातात हिरव्या बांगड्या, आणि फाट्याफाट्यावर उतरून धावत सुटणाऱ्या पोरी. आबा एकदा मला म्हणाले होते, की आरशात मागे बघितलं की सगळी गाडी हसताना दिसायची, आणि मग घरी जायला नको वाटायचं.

अक्काच्या गावचा फाटा त्यांच्या रोजच्या रस्त्यावर होता. एका पावसाळ्यात त्यांनी तिथं गाडी लावली, कंडक्टरला काहीतरी थाप मारली आणि आत गावात चालत गेले. अक्काच्या वडिलांच्या अंगणात मोठा निंब होता. घर दुसऱ्याचं झालं होतं, पण झाडाखाली निंबोळ्या पडून रोपं उगवली होती, ती कुणाचीच नव्हती. त्यातलं एक रोप मातीसकट उपटून डालड्याच्या डब्यात घालून आबा परत आले. गाडीतले लोक तोवर खाली उतरून शिव्या देत होते. डबा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये पायाशी ठेवून त्यांनी जळगावला आणला. अक्काच्या हातात देताना काय बोलले ते ती मला सांगायची, आणि प्रत्येक वेळी सांगताना पदरानं नाक पुसायची.

“हाई तुन्हा बापना आंगननं झाड शे. आते माहेर दारमाच शे.”

आबांचं घर लहान, अंगण तर नाहीच. म्हणून रोप फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला लावलं. तेव्हा रस्ता कच्चा होता आणि समोर केळीची बाग होती. अक्कानं त्याला भांडी घासलेलं, तांदूळ धुतलेलं सगळं पाणी घातलं. बकऱ्यांपासून राखलं. झोका पेलण्याएवढं झाड व्हायला बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत आबांनी घराच्या चौकटीला झोका बांधला, आणि गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, की सासरी कुणी झोका बांधतं का. आबांनी ऐकून घेतलं. मग एका आखाजीला त्या आडव्या फांदीला अंबाडीचा दोर टाकला, अक्काला बसवलं आणि सगळ्या गल्लीदेखत तिला झोका दिला. ड्रायव्हर माणूस, ताकद काय कमी? अक्का घाबरून ओरडत होती आणि आबा हसत होते.

पुढे तो गल्लीचाच झोका झाला. मी जामनेरची. माझं माहेर होतं, पण पेपर तपासायचे गठ्ठे घरात असताना जामनेरला कोण जाणार? मीही त्या झोक्यावर बसले. ज्यांना जाता आलं नाही, ज्यांचं कुणी उरलं नव्हतं, ज्यांचं माहेरी भांडण झालं होतं, त्या सगळ्या जणी तिथे बसल्या. अक्का खापरावर मांडे करायची, आम्ही आंब्याचा रस न्यायचो. त्या फांदीखाली आम्ही ज्या गप्पा मारल्या त्या घरी कधी मारल्या नाहीत. आता त्यातल्या निम्म्या जणी नाहीत आणि उरलेल्यांचे गुडघे गेले. मला त्या दुपारींची फार आठवण येते, उगाच कशाला लपवू.

एक गोष्ट अक्काची कडक होती. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झोका निघालाच पाहिजे. पोरं रडत, आम्ही म्हणायचो की राहू दे चार दिवस. ती ऐकायची नाही. आबांना शिडीवर चढवायची, दोर सोडायला लावायची, वेटोळं करून स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टांगायची.

“झाड आपलं वझं एक दिन झेलस,” ती म्हणायची, “मंग त्याले मोकयं करनं पडस.”

शेवटच्या आखाजीला ती खूप खंगली होती. जुना अंबाडीचा दोर कुजला होता, म्हणून आबांनी बाजारातून निळा नायलॉनचा आणला, मजबूत म्हणून. दोन बाजूंना घट्ट गाठी मारल्या. अक्का उशी घेऊन झोक्यावर बसली, पाय जमिनीला टेकलेले, आणि नुसती हलत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोर सोडायचा होता, पण त्या सकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ती परत आली नाही. दोर तसाच राहिला. पुढे रस्त्यावरची पोरं लोंबकळायला लागली, तेव्हा आबांनी खालचा भाग वर उचलून फांदीभोवती गुंडाळून ठेवला. गाठी तशाच. कुणी काढा म्हटलं की ते घरात निघून जायचे. आम्हीही मग म्हणायचं सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाला एक दोर असू दे की, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं.

तर यंदाची पानगळ. होळीच्या आधी आठवडाभर असा वारा सुटला की यावल-रावेरकडे केळी आडव्या झाल्याच्या बातम्या यायला लागल्या. आमच्या निंबानं पानं टाकायला सुरुवात केली. सकाळी आबांच्या सुनेनं झाडून घेतलं की दुपारपर्यंत रस्ता परत पिवळा. होळीपर्यंत झाड उघडं झालं. वायरींच्या मागे नुसत्या काड्या. मला ते बघवायचं नाही, पण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मग एका सकाळी शेंड्याला तांबूस पालवी दिसली. दोन दिवसांत ती सगळीकडे पसरली. निंबाची नवी पालवी उन्हात बघावी, असं वाटतं की झाडानं अंग धुऊन घेतलंय. पाडव्याला गल्लीतले सगळे गुढीसाठी पाला न्यायला आले. दरवर्षी आबा झोक्याच्या फांदीवरूनच पाला तोडून द्यायचे, ती खाली होती, काठीला यायची. यंदा त्यांनी काठी वर केली आणि तशीच खाली घेतली. त्या फांदीला एक पान नव्हतं. शेजारच्या फांदीवरून त्यांनी सगळ्यांना पाला दिला.

त्यानंतर आबांनी जे काही केलं ते बघून मला हसूही यायचं आणि रागही. बुंध्याला आळं करून बादल्या ओतल्या. शेणखत आणून घातलं. कुणी म्हणालं वाळवी, तर चुना आणि गेरू फासला. कुणी म्हणालं ताक घाला, तर तेही घातलं. मी गॅलरीतून ओरडून म्हटलं, आबा, सगळं झाड हिरवं आहे, आजारी फांदीला सलाइन लावायचं तेवढं राहिलंय. ते वर बघून कसनुसं हसले. झाड जगलं होतं, त्याची काळजीच नव्हती. ती एक फांदी जगायला हवी होती, आखाजीच्या आत. अक्का त्या फांदीच्या झोक्यावर बसायची, आणि आबांच्या लेखी अजून बसत होती.

त्यात वीज कंपनीचा भटू आला. पावसाळ्याआधी वायरींवरच्या फांद्या तोडत फिरणारा हा आमच्या भागातला लाइनमन. मोठा भला माणूस. पण त्यानं ती फांदी बघितली आणि म्हणाला की ही वाळली आहे, वादळात वायरीवर पडेल, आजच काढतो. आबा शिडीसमोर जाऊन उभे राहिले.

“आखाजीलोंग थांब भाऊ. तिले पालवी फुटी.”

भटूनं माझ्याकडे बघितलं. मी राहू दे म्हणून मान हलवली. तो शिडी घेऊन पुढच्या गल्लीत गेला.

आता सुनेचं सांगते. चेलना तिचं नाव. धुळ्याच्या कापडाच्या व्यापाऱ्याची मुलगी, घर मूळचं राजस्थानातलं, जैन. आबांचा मुलगा ज्ञानेश्वर इथल्या चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दोघांचं कॉलेजात जमलं आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी लग्न केलं. तिचे वडील शांतीलालजी रागावले ते रागावलेच. लग्नाला आले नाहीत, फोनही उचलत नाहीत. आई, कुसुमलताबाई, चोरून फोन करते. वडील दुकानात असतील अशा वेळी.

आबांनी सुनेला घरात घेताना खळखळ केली नव्हती. चांगलं वागवायचे, पण त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. घरातला माणूस गेला की उरलेली माणसं दिसेनाशी होतात, तसं. चेलना एका दागिन्यांच्या दुकानात कामाला जाते. दुपारी जेवायला आली की स्कूटर निंबाखाली लावायची आणि घरात शिरायच्या आधी तिथंच उभी राहून आईशी बोलायची. मी रोज बघत होते. झाडाच्या एका अंगाला आबा मान वर करून उभे आणि दुसऱ्या अंगाला ही मान खाली घालून. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण काय सांगणार होते?

पाडव्यानंतर काही दिवसांनी दुपारी मोठी वावटळ आली. चेलना गच्चीवर कपडे काढायला धावली, तेव्हा झोक्याच्या फांदीची एक वाळकी काडी उडून तिच्या अंगावर आली. तिनं वळून बघितलं. ती फांदी बुंध्यापाशी त्यांच्या गच्चीच्या कठड्याच्या जरा खालून निघते. चेलना कपडे तसेच टाकून कठड्याशी गेली आणि बराच वेळ वाकून काहीतरी बघत राहिली.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. हातात लोणच्याची वाटी होती, पण ती निमित्ताला. तिनं जे सांगितलं ते असं, की निळा दोर आता फांदीच्या बाहेर नव्हताच, आत होता. फांदी वाढत गेली, गाठी तशाच राहिल्या, साल दोन्ही बाजूंनी फुगून दोरावर आली. दोराच्या पुढची सगळी फांदी कोरडी होती आणि अलीकडची ओली. पाण्यानं, खतानं, ताकानं काही होणार नव्हतं. जुना अंबाडीचा दोर असता तर दोन पावसाळ्यांत कुजून गळून पडला असता. हा मजबूत होता.

मी ताबडतोब म्हटलं, आबांना सांगू नकोस. म्हातारा मोडेल. आखाजी जाऊ दे, भटू येईल, तोडेल, वाळली म्हणून तोडली असं होईल. ती ऐकत होती. मग वाटी टेबलावर ठेवून म्हणाली, “बाई, माझ्या माहेरी दोन वर्षं कुणी उघड काही बोलत नाहीये. न बोलल्यानं काय होतं ते मी रोज बघते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आबांना फाटकाशी गाठलं. मला शब्द ऐकू आले नाहीत. तिनं हात वर करून दाखवलं, आबांनी बघितलं, मग तिच्याकडे पाठ फिरवली आणि आत गेले. फाटक इतक्या जोरात लावलं की परत उघडलं. चेलना स्कूटर काढून कामाला गेली. मला तिचा राग आला आणि तिच्यावर रागावल्याबद्दल स्वतःचाही.

दोन दिवस आबा बाहेर आले नाहीत. तिसऱ्या सकाळी ते गच्चीवर दिसले. कठड्याला पोट टेकवून वाकले होते आणि फांदीवर हात फिरवत होते. नखानं साल खरवडत होते. मग सावकाश खाली आले, रस्ता ओलांडला, आमचा जिना चढले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. चहा ठेवला तो घेतला नाही.

“बाई,” ते म्हणाले, “मन्हा दोरमुयेच गयी ती.”

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. ते बोलत राहिले. अक्का दरवर्षी सांगायची, आपण दरवर्षी शिडीवर चढून गाठी सोडल्या, आणि ती गेल्यावर तेवढं एकच विसरलो. विसरलो पण नाही, मुद्दाम केलं नाही. गाठ सुटली तर ती पण सुटेल असं वाटत राहिलं. बोलताना रडत नव्हते, नुसते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. मी त्यांच्यासाठी रडले. मला लाज वाटत नाही.

भटूला त्यांनी स्वतःच बोलावून घेतलं. करवत चालली तेव्हा खाली उभे राहिले. फांदी खाली आल्यावर भटूनं कापलेली बाजू दाखवली. लाकडात निळी कड दिसत होती, शाळेतल्या मुलानं पेनानं ओढलेल्या रेघेसारखी. अलीकडचं लाकूड ओलं होतं, झाडाला काही धोका नाही, असं भटूनं सांगितलं. आबांनी कापलेल्या जागी शेण लिंपलं आणि हात धुतले. मग फाटकाशेजारच्या सिमेंटच्या बाकावर बसले, आणि पुढे रोज तिथेच बसायला लागले. वर बघायला काही उरलं नव्हतं.

चेलनाशी ते बोलत नव्हते. तिला वाटलं रागावले आहेत. मला ठाऊक होतं की रागावले नाहीत, लाजले आहेत. पण या घरात एकमेकांना काही सांगायची पद्धत पूर्वीच बंद पडली होती.

आखाजी जवळ आली. गल्लीत ये-जा सुरू झाली. आमच्या शेजारच्यांची दिपमाला बऱ्हाणपूरहून आली, कोपऱ्यावरच्या घरातली सून पिशव्या भरून चोपड्याला गेली, तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. रिक्षा यायच्या, रिक्षा जायच्या. आबा बाकावर बसून हे सगळं बघत होते, गाडीच्या आरशात बघायचे तसं.

आखाजीच्या आदल्या दुपारी चेलना जेवायला आली. स्कूटर निंबाखाली लावली आणि फोन कानाला लावला. आबा चार हातांवर बाकावर होते. तिनं त्यांना बघितलं नसावं, किंवा बघूनही आता काय फरक पडतो असं तिला वाटलं असावं. ती मारवाडीत बोलत होती. आबांना ती भाषा येत नाही, पण गाडीवर आयुष्य गेलेल्या माणसाला कुठलीही भाषा निम्मी समजते. आखातीज, म्हणजे आपली आखाजी, हा शब्द समजला. मी कुठेही जाणार नाही, हे समजलं. तू रडू नकोस, इथे मला सगळं आहे, हेही समजलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मला दिसलं ते एवढंच, की चेलनानं फोन ठेवला, ओढणीनं डोळे पुसले, निंबाच्या बुंध्याला पाठ टेकवून थोडा वेळ थांबली आणि मग हसरा चेहरा करून आत गेली.

आबा उठले. रस्त्यात रिक्षा थांबवली आणि उन्हात एकटेच बाजारात गेले.

परत आले तेव्हा खांद्यावर पांढऱ्या सुती दोराचं वेटोळं होतं. दुकानदारानं नायलॉनचा घ्या, टिकेल, म्हणून पुष्कळ आग्रह केला होता. आबांनी त्याला सांगितलं की टिकणारा नको. ज्ञानेश्वर कामावरून आल्यावर दोघं बापलेक शिडी घेऊन बाहेर आले. घराच्या बाजूला एक फांदी आहे, जरा उंच, पण सरळ आणि जोरकस. मुलानं शिडी धरली, आबा चढले. म्हातारा पडला तर काय, म्हणून मी ज्ञानेश्वरला वरून सूचना देत होते. त्यानं एकही ऐकली नाही.

आखाजीच्या सकाळी त्यांच्या घरी अक्काच्या नावानं घागर भरली. घागरीवर खरबूज, शेजारी आंबे, सांजोऱ्या. सांजोऱ्या चेलनानं केल्या होत्या आणि निम्म्या तळताना फुटल्या होत्या, हे तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. तिच्या माहेरी या दिवशी उसाच्या रसाला मान असतो, म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळातून रस आणून तोही घागरीपुढे ठेवला. आबांनी तो उचलून बाजूला केला नाही, उलट थोडा सरकवून मध्ये घेतला.

दुपारी आबा बाहेर आले आणि चेलनाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, त्या दिवशी तिनं साडी नेसली होती. झोका बघून तिला वाटलं गल्लीतल्या मुलींसाठी बांधलाय. ती बाजूला उभी राहिली. मला राहवलं नाही. मी गॅलरीतून मोठ्यानं विचारलं, की काय हो आबा, सासरी कुणी झोका बांधतं का? त्यांनी वर बघितलं आणि हसले. अक्का गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

मग ते चेलनाकडे वळले. “बठ बेटा. हाई माहेरनं झाड शे.”

चेलना बसली. बसल्या बसल्या तिनं दोन्ही हातांनी दोर घट्ट धरला आणि मान खाली घातली, आणि तिचे खांदे हलायला लागले. आबांनी मागे जाऊन झोक्याला हलकेच हात लावला, मग जरा जोरात, मग अजून जोरात. नव्या पाल्यातून ऊन तिच्या अंगावर पडत होतं आणि निंबाचा मोहोर खाली झडत होता. थोड्या वेळानं ती रडता रडता ओरडायला लागली, की आबा पुरे, आबा पडेन. आबा काही ऐकत नव्हते. मी काठी घेतली आणि डॉक्टरांचं नाव न काढता जिना उतरले. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बाया झोक्यावर बसून झाल्या. मीसुद्धा.

रात्रभर वारा होता. सकाळी गॅलरीत आले तेव्हा आबांची शिडी झाडाला लागलेली होती आणि चेलना झोक्याचा दोर धरून खाली उभी होती. ती त्यांना विनवत होती. तिनं काल आईला फोनवर झोका दाखवला होता. आई म्हणाली, की रविवारी दुकान बंद असतं, बाबा घरी असतील, तेव्हा परत दाखव, मी त्यांच्यासमोर फोन धरते. म्हणून रविवारपर्यंत तरी झोका राहू द्या, असं तिचं म्हणणं.

आबा शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबले. मला वाटलं आता हा माणूस विरघळणार. मीही असते तर विरघळले असते.

“नही बेटा,” ते म्हणाले. “तुन्हा बापले सांग, पुढला साले परत बांधसू. देखाले आठेच ये म्हनवं.”

बघायचं तर इथेच यायचा निरोप दिला आणि वर चढले. गाठी एका ओढीत सुटतील अशा मारल्या होत्या. दोर खाली आला. आबांनी उतरून त्याचं वेटोळं केलं, फांदीच्या ज्या जागी दोर होता तिथे वर एकदा बघितलं आणि वेटोळं चेलनाच्या हातात दिलं. कुठे ठेवायचं ते त्यांनी तिला सांगितलं. ती आत गेली आणि तिनं तो दोर स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टांगला.